पावसात आईला एका दिवसात माथेरान दाखवून आणायचंय, जमेल का?

प्रभादेवीची_लेक

नमस्कार मंडळी. आई सत्तर वर्षांची आहे. तिची एक जुनी इच्छा आहे आणि ती यंदा पूर्ण करायचीच असं मी ठरवलंय, पण दिवस पावसाचे आहेत म्हणून आधी तुम्हा जाणकारांना विचारते.

आईची मावशी नेरळला राहायची. आई दहा वर्षांची असताना मे महिन्याच्या सुट्टीत तिच्याकडे गेली आणि तिथे टायफॉइड झाला, अंगात ताकद नाही म्हणून मग पार श्रावण लागेपर्यंत तिथेच ठेवली तिला. दिवसभर ओटीवर बसून समोरचा माथेरानचा डोंगर बघायची. सकाळी अख्खा ढगात, दुपारी अर्धा बाहेर, आणि पाऊस जरा थांबला की कड्यावरून पांढऱ्या धारा. ती त्या मोजायची म्हणे, एकदा सतरा भरल्या होत्या. रोज मावशीला विचारायची वर कधी जायचं आणि मावशी रोज सांगायची पावसात वर जात नाहीत बाळा. पुढे आई माथेरानला तीनदा जाऊन आली, लग्नानंतर बाबांबरोबर आणि मग आम्हाला घेऊन, पण दर वेळी मे नाहीतर दिवाळी. पावसात कधीच नाही. परवा जेवताना बाहेर धो धो सुरू होता तेव्हा म्हणाली, त्या ढगाच्या आत कसं असतं ते एकदा बघायचं राहिलंच. तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाहीये.

आता अडचणी सांगते. आईचे दोन्ही गुडघे दुखतात, काठी घेऊन सपाटीवर अर्धा तास हळूहळू चालते, पण जिने नकोत आणि चिखलात तर मला भीतीच वाटते. शुगर आहे, गोळ्या वेळेवर लागतात. सोबत मी, नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी. मुक्काम करता येणार नाही, नवऱ्याची ड्युटी आहे आणि आईला परक्या ठिकाणी झोप लागत नाही, त्यामुळे सकाळी निघून रात्री घरी. गाडी आहे आमच्याकडे पण घाटात पावसात चालवायची सवय नाही.

लोकलने जावं की गाडीने? पावसाळ्यात ती छोटी ट्रेन चालू असते का, कारण आईला चालत वर नेणं शक्य नाही. आणि जुलैतच जावं की थांबावं? ऑफिसातले लोक म्हणतात एवढा खटाटोप कशाला, लोणावळ्याला घेऊन जा, ढग तिथेही आहेत. पण आईचा डोंगर हाच आहे ना.

नेरळकर

ताई, तुमच्या आईंचा डोंगर मी रोज दार उघडलं की बघतो. माझे वडील तीस वर्षं नेरळ-माथेरान टॅक्सी चालवायचे, मी लहानपणी सुट्टीत पुढच्या सीटवर बसून दिवसाला चार-चार फेऱ्या केल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ट्रेनचं. नेरळहून निघणारी मिनीट्रेन साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असते. ती लाइन जवळजवळ २१ किलोमीटर आहे, रूळ दोन फुटी, आणि डोंगराच्या अंगाखांद्यावरून वळसे घेत जाते. एका बाजूला कापलेली दरड आणि दुसऱ्या बाजूला दरी, वरून पाण्याचा लोंढा आला की रुळाखालची खडीच धुऊन जाते. २६ जुलै २००५ ला ती अशीच वाहून गेली होती आणि परत सुरू व्हायला २००७ उजाडलं. २०१९ च्या पावसात पुन्हा तेच, तेव्हा तर २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत नेरळहून गाडी नव्हती. म्हणजे ही लाइन १९०७ ची, आदमजी पीरभॉय यांनी त्या काळात १६ लाख घालून बांधलेली, आणि अजूनही पावसापुढे तिला चार महिने थांबावंच लागतं. आईंच्या मावशी बरोबरच सांगत होत्या.

पण वरचा तुकडा, अमन लॉज ते माथेरान, तिथे शटल पावसाळ्यातही असते आणि तुमचं काम त्यानेच होणार. नेरळ स्टेशनबाहेर शेअर टॅक्सी मिळते, ती दस्तुरी नाक्यापर्यंत नेते, त्यापुढे कुठलीच मोटार नाही. माथेरानात अँब्युलन्ससारखी गरजेची वाहनं सोडली तर गाड्यांना बंदीच आहे. दस्तुरीहून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. अमन लॉज स्टेशन दस्तुरीपासून अगदी जवळ आहे, आई काठी घेऊन आरामात पोचतील, आणि शटलने वीसेक मिनिटांत बाजारात.

आता नीट लक्ष द्या. दस्तुरीला उतरलात की कोणी ना कोणी येऊन सांगेल ट्रेन बंद आहे, घोडा करा. कधी ते खरं असतं, खूप पाऊस असला की शटल रद्द होतेच, पण कधी नसतंही. कोणाशी वाद घालू नका, सरळ स्वतः स्टेशनच्या खिडकीवर जाऊन विचारा, तिकीटही तिथेच मिळेल. ट्रेन खरंच बंद असेल तर ई-रिक्षा आहेत पण मोजक्या, रांग लागते. घोड्यावर या वयात गुडघेदुखी असताना पावसात बसवू नका असं मी म्हणेन, घोडा घसरला तर सावरायला काही नसतं. आणि दोन्ही पर्याय नसतील तर दस्तुरीलाच चहा घ्या, तासभर त्या झाडीत बसा आणि खाली या. ढग तिथेही तोच आहे, मी खरंच सांगतो, दस्तुरीला जुलैत पाच हातांवरचा माणूस दिसत नाही.

टॅक्सीत आईंना पुढे बसवा. घाट उभा आहे, वळणं एकदम आवळलेली, मागे बसलं की पोटात ढवळतं. शेअर टॅक्सी भरेपर्यंत थांबवतात, त्यापेक्षा चार जण आहात तर पूर्ण गाडीच सांगा.

आणि गटारीच्या आसपासचे शनिवार-रविवार चुकूनही नको. त्या दोन दिवसांत नेरळ-कर्जतला पाय ठेवायला जागा नसते, टॅक्सीला दोन-दोन तास रांग. मधला वार बघा.

पार्लेकर

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका. गुडघे दुखणारी आई, लहान मूल, लोकल, मग टॅक्सी, मग शटल आणि परत तेच उलट. किती चढउतार झाले बघा. लोणावळ्याला घराच्या दारात गाडीत बसायचं आणि थेट हॉटेलच्या दारात उतरायचं. ड्रायव्हर दिवसाच्या बोलीवर मिळतो. आम्ही वडिलांना ते गेले त्याच्या आदल्या वर्षी असंच नेलं होतं, टायगर पॉइंटला गाडीतच बसून काच खाली करून भजी खाल्ली, समोर फक्त पांढरं, ते इतके खूश होते की परत येताना पूर्ण रस्ता गप्पा मारत होते. वयस्कर माणसाला थकवू नका एवढंच म्हणणं आहे.

पावशा

पार्लेकर, तुमचं म्हणणं पटतंय, थकवू नये हे खरंच. पण लोणावळा सोपं आहे हे आता तसं राहिलं नाही. शनिवार-रविवारी बोरघाटात गाड्या तासन् तास एका जागी उभ्या असतात आणि शुगरवाल्या माणसाला गाडीत तीन तास बाथरूमशिवाय बसवणं हाही थकवाच आहे. मधल्या वारी गेलात तर गोष्ट वेगळी.

ताई, मी वीस वर्षं या भागात पावसाळी भटकंती करतोय त्यामुळे एक गोष्ट कळकळीने सांगतो. कुठेही जा, पण वाहत्या पाण्यात मुलीला उतरवू नका, घोट्याएवढं दिसलं तरी. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका घरातली पाच माणसं डोळ्यांदेखत वाहून गेली, सगळ्यांनी ते बघितलंय. तिथे ते उभे राहिले तेव्हा पाणी कमीच होतं. पाऊस वर डोंगरात पडतो, आपल्या डोक्यावर पडतच नसतो, आणि पाण्याचा रंग लाल झाला की लोंढा यायला काही मिनिटंच असतात. माथेरानला शार्लोट लेकच्या सांडव्याजवळ लोक असेच उभे राहतात. तो तलाव माथेरानच्या पिण्याच्या पाण्याचा आहे, शेजारी पिसरनाथाचं देऊळ आहे, लांबून बघा आणि नमस्कार करा.

दुसरं, पॉइंट विसरा. पॅनोरमा, लुईझा, एको, जुलैत सगळीकडे एकच दृश्य, पांढरा पडदा. मग माणसं काहीतरी दिसावं म्हणून कठड्याच्या पुढे जातात. ती लाल जांभ्याची माती वरून घट्ट दिसते पण पावसात पाणी पिऊन जड झालेली असते, कड्याची धार कुठे संपते ते धुक्यात कळत नाही.

आणि जुलैचा दुसरा-तिसरा आठवडा मला नकोच वाटतो. इर्शाळवाडीवर दरड आली ती १९ जुलै २०२३ ची रात्र होती, आणि तो इर्शाळगड माथेरानच्या शेजारचाच डोंगर आहे. आठवडाभर पाऊस मुरत मुरत जमीन भरते आणि मग सुटते. तेव्हा त्या दिवशीचा पाऊस किती हे बघून भागत नाही, आधीचे चार-पाच दिवस किती पडला तेही बघा. माझं ऐकाल तर श्रावण लागू दे. ऊन-पावसाचा खेळ सुरू होतो, ढग असतातच पण मधूनच फाटतात, धबधबेही जिवंत असतात. आईंना ढगाच्या आतही राहता येईल आणि नशीब असेल तर बाहेरही डोकावता येईल.

बदलापूर_लेडीज_डबा

मी बदलापूर-दादर रोजची प्रवासी, चौदा वर्षं. लोकलबद्दल मीच लिहिते.

लोकलनेच जा. सकाळी तुम्ही गर्दीच्या उलट दिशेने जाणार, दादरहून कर्जत किंवा खोपोली फास्टमध्ये खिडकी मिळते आणि ठाणे-कल्याण गेलं की डबा अजून मोकळा होतो. नेरळला पावणेदोन तास धरा, पावसात दोन. अंबरनाथ सोडलं की बाहेर बघायला सांगा आईंना, आधी मलंगगड, मग वांगणीच्या अलीकडून चंदेरीचा सुळका, आणि शेलू गेलं की त्यांचा डोंगर. आईंना गुडघ्यामुळे चढाय-उतरायला वेळ लागेल तर दाराजवळ एक स्टेशन आधीच जाऊन उभे राहा, नेरळला गाडी फार थांबत नाही. रविवार नको, मेगाब्लॉक असला की सगळं वेळापत्रक कोलमडतं.

पण बदलापूरच्या पुढचा पट्टा समजून घ्या. उल्हास नदी राजमाचीकडून उतरते, कर्जत-नेरळच्या अंगाने येते आणि बदलापूर-वांगणीच्या मध्ये रुळांच्या अगदी जवळ येते. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस हजारावर प्रवाशांसकट तिथेच पाण्यात अडकली होती, बोटी आणि हेलिकॉप्टर आणावे लागले. आम्ही बदलापूरवाल्यांनी तो दिवस जवळून बघितलाय, आमच्याच गल्लीत बोट फिरत होती. सगळे सुखरूप निघाले पण तेव्हापासून मी वांगणीच्या पुलाजवळ नदीचा रंग बघितल्याशिवाय पुस्तक उघडत नाही. पाणी वाढलं की बदलापूर ते कर्जत गाड्या बंद होतात, आणि नेरळ-बदलापूर रस्ताही त्याच नदीच्या काठाने येतो, म्हणजे टॅक्सी करून सुटू असं समजू नका.

म्हणून आदल्या रात्री आणि सकाळी निघताना रायगड आणि ठाणे दोन्ही जिल्ह्यांचा अलर्ट बघा, नुसता मुंबईचा नाही. यलो म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलीमीटरची शक्यता, ऑरेंज म्हणजे २०४.४ पर्यंत, रेड त्याच्या वर. यलोला जाता येतं, ऑरेंजला मी माझ्या आईला नेणार नाही, आणि रेडला तर शाळांनाही बहुतेक सुट्टीच असते. शिवाय मुंबईतली भरती बघा. संध्याकाळी साडेचार मीटरच्या वर भरती आणि त्यात जोरदार पाऊस असेल तर कुर्ला-शीवला पाणी भरणार, तुम्ही कल्याणपर्यंत छान याल आणि तिथे अडकाल. महापालिका मोठ्या भरत्यांचे दिवस पावसाळ्याआधीच सांगते.

परतीची वेळ घरूनच ठरवून निघा. दस्तुरीहून तीनला खाली, चारच्या सुमारास नेरळहून लोकल. वर कितीही छान वाटत असलं तरी. एका जुलैत मी शेलूला साडेतीन तास डब्यात बसले होते, सोबत एक आजी होत्या, त्यांची गोळी घ्यायची वेळ टळून गेली आणि पर्समध्ये खायला काही नव्हतं. डब्यातल्या बायकांनी डबे उघडून त्यांना भाकरी-भाजी दिली, पण त्यांचे थरथरणारे हात मला अजून आठवतात. आईंच्या दोन दिवसांच्या गोळ्या, खाऊ आणि पाणी तुमच्या स्वतःच्या पिशवीत ठेवा.

डोंबिवलीची_सून

मी मागच्या वर्षी सासूबाईंना नेलं होतं, वय ७२, गुडघे तसेच. जमतं, नक्की जमतं. फक्त जे चुकलं ते सांगते म्हणजे तुमचं चुकणार नाही.

छत्री नेली ही पहिली चूक. वर वारा असा येतो की छत्री उलटी होते आणि एका हातात छत्री एका हातात काठी म्हटल्यावर धरायला हातच उरत नाही. रेनकोट घ्या, वर-खाली दोन तुकड्यांचा, साडी असेल तर त्या दिवशी पंजाबी ड्रेस घालायला मनवा त्यांना. चपला तर अजिबात नको. तिथल्या रस्त्यावर लाल चिखल आणि घोड्यांची लीद मिसळून एक पातळ थर होतो, दिसायला साधा ओला रस्ता वाटतो पण साबण लावल्यासारखा निसरडा. मागे पट्टा असलेल्या, खाली खोल खाचा असलेल्या रबरी सँडल घ्या. काठीच्या टोकाचं रबर झिजलंय का ते घरीच बघा, नवीन वीस-तीस रुपयांना केमिस्टकडे मिळतं. आमचं झिजलेलं होतं आणि काठी सटकली, सासूबाई पडता पडता वाचल्या, मी पुढे होते म्हणून.

दुसरं म्हणजे बाजारपेठेजवळ एखादी रूम चार-पाच तासांसाठी घ्या. पावसाळ्यात बरीच हॉटेलं बंद असतात पण जी उघडी असतात तिथे मधल्या वारी रूम मिळते. कोरडे कपडे बदलायला, कमोडसाठी आणि त्यांना पाय लांब करून पडायला, त्या रूमचे पैसे शंभर टक्के वसूल होतात. भाडं फोनवर ठरवलं असेल तर मेसेजवर लिहून घ्या. आम्ही ज्या हॉटेलात गेलो तिथे फोनवर एक आकडा सांगितला आणि निघताना गरम पाण्याचे आणि जास्तीच्या माणसाचे धरून जवळजवळ दुप्पट घेतले, सासूबाईंसमोर भांडण नको म्हणून दिले, पण मन खट्टू झालं. व्हरांडा आहे का हे मात्र नक्की विचारा. आमचा सगळा दिवस व्हरांड्यातच गेला आणि तोच त्यांना सगळ्यात आवडला.

माकडं. हातात पिशवी दिसली की येतातच, आणि प्लॅस्टिकचा आवाज त्यांना लांबूनही कळतो. खाऊ सगळा बंद बॅगेत, मुलीच्या हातात चिक्की देऊन रस्त्याने चालू नका. रोख पैसे ठेवा, दस्तुरीला नगरपरिषदेचा प्रवासी कर भरावा लागतो आणि वर नेटवर्क जाऊन-येऊन असतं.

प्रभादेवीची_लेक

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, मी आईला सगळं वाचून दाखवलं. बदलापूरच्या ताईंचं ऐकताना ती दोनदा म्हणाली, त्या आजींचं पुढे काय झालं विचार. पार्लेकर, लोणावळ्याचा विचार खरंच केला, पण आईने मान हलवली. आता श्रावण लागल्यावर मधला वार बघून, यलोपेक्षा जास्त अलर्ट नसेल तरच. काठीचं रबर काल बदललं.

बदलापूर_लेडीज_डबा

त्या आजींना अंबरनाथला मुलगा घ्यायला आला होता, आम्ही हातात हात देऊनच उतरलो. व्यवस्थित घरी पोचल्या. सांगा आईंना.

प्रभादेवीची_लेक

जाऊन आलो! बुधवारी. त्याआधी दोन वेळा रद्द केलं, एकदा ऑरेंज होता आणि एकदा संध्याकाळी मोठी भरती, मुलगी रुसली पण आई म्हणाली साठ वर्षं थांबले, अजून आठवड्याने काय होतंय.

दादरहून खिडकी मिळाली. वांगणीच्या जवळ नदी गढूळ होती पण काठाच्या बरीच खाली, मी ताईंच्या सांगण्याप्रमाणे मुद्दाम बघितली. शेलू गेल्यावर आई उठून दाराजवळच्या दांड्याला धरून उभी राहिली. डोंगर नव्हताच. नुसता ढग, खालून जेमतेम हिरवा पट्टा. मला वाईट वाटलं पण ती म्हणाली बरोबर आहे, सकाळी तो असाच असतो. नेरळला मावशीचं घर शोधलं, तिथे आता चार मजली बिल्डिंग आहे, आई दोन मिनिटं समोर उभी राहिली आणि म्हणाली ओटी या बाजूला होती, आणि मग म्हणाली चल.

टॅक्सीत पुढे बसवली. अर्ध्या घाटात आम्ही ढगात शिरलो, अगदी दारातून आत गेल्यासारखं, एका वळणावर खालचं दिसत होतं आणि पुढच्या वळणावर काही नाही. ड्रायव्हरने वायपर बंद केला तरी काच ओलीच. आईने काच खाली केली आणि हात बाहेर काढला. मागून मी ओरडणार होते पण नाही ओरडले. हात आत घेऊन तिने तळवा बघितला, पाऊस पडत नव्हता तरी हातावर बारीक बारीक थेंब होते, तिने तो हात मुलीच्या गालाला लावला.

दस्तुरीला नेरळकर म्हणाले तसंच झालं, एक जण म्हणाला ट्रेन बंद आहे. खिडकीवर गेलो तर पाऊण तासाने शटल होती. वर रूम घेतली, भाडं आधीच लिहून घेतलं होतं, व्हरांडा होता. आई चार तास त्या व्हरांड्यात शाल घेऊन बसली. ढग आत यायचा, खुर्च्या दिसेनाशा व्हायच्या, मग समोरची जांभळाची झाडं हळूहळू परत यायची. दगडी कठड्यावरच्या शेवाळाला तिने बोट लावून बघितलं आणि म्हणाली मखमल. नवरा आणि मुलगी रस्त्याने शार्लोट लेकपर्यंत जाऊन लांबूनच बघून आले. मी कुठेच गेले नाही. पॉइंट एकही बघितला नाही.

अडीचला आवरायला घेतलं तेव्हा बाहेर इतकं सुंदर होतं की मलाच निघवेना, पण वेळ ठरलेली होती. उतरताना घाटात ढग फाटला. ड्रायव्हरला मी आईची गोष्ट सांगितली होती, त्याने एका रुंद वळणावर सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घेतली. खाली अख्खं नेरळ दिसत होतं, ओली कौलं, निळे पत्रे, भातखाचरं आणि मधून रूळ. एक लोकल कर्जतकडे चालली होती, हातभर लांबीची. आई काच पुसून पुसून ती बिल्डिंग शोधत होती आणि सापडलीसुद्धा, पाण्याच्या पिवळ्या टाकीवरून. मुलीला दाखवत होती, तिथे बघ, तिथून मी इकडे बघायची.

मग मुलीने तिला सांगितलं आज्जी, आता धबधबे मोज. वरच्या कड्यावर दोघींनी मोजले, नऊच दिसले, बाकीचे ढगात.

चारच्या थोडं आधीची लोकल मिळाली, साडेसहाला घरी. गुडघे दोन दिवस दुखले, शेक घेतला, आता बरी आहे.

नेरळकर, आईचा एक निरोप आहे तुमच्यासाठी. ती म्हणते आता ऑक्टोबरात नेरळहून पूर्ण मिनीट्रेनने जायचंय, नातीला बोगदा दाखवायचाय. सुरू झाली की कळवाल का?

नेरळकर

कळवतो ताई. रोज स्टेशनवरून जातो, इंजिन ट्रायलला बाहेर काढलं की त्याच दिवशी इथे लिहीन. आणि पिवळी टाकी म्हणालात ना, तर ती बिल्डिंग माझ्या लक्षात आली. आमच्या घरापासून चार घरं सोडून आहे. पुढच्या वेळी आईंना घेऊन या, आमच्या ओटीवरून डोंगर अजून तसाच दिसतो.